पेलेट घट्ट होत नाही म्हणून झिर्कोनेट सोडून सिरेट घ्यावं का?

जळगावला एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: ‘सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलसाठी (इंधनाची थेट वीज करणारा सिरॅमिकचा सेल) प्रोटॉन वाहणाऱ्या सिरॅमिक इलेक्ट्रोलाइटवर प्रकल्प घेतला आहे. बेरियम झिर्कोनेटमध्ये २० टक्के इट्रियम घालून पेलेट (पावडर दाबून केलेल्या चकत्या) केले आणि १४०० अंश सेल्सिअसला १० तास भाजले. घनता ४.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या वर जात नाही. पेलेट १ मिलिमीटर जाड, व्यास १० मिलिमीटर. ६०० अंशांना उघड्या हवेत इम्पिडन्स (वेगवेगळ्या वारंवारतांना मोजलेला विद्युत रोध) घेतला तर एकच मोठं अर्धवर्तुळ येतं, सुमारे १२ किलोओहमचं, माथा १ किलोहर्ट्झच्या आसपास. पेपरांमध्ये वाहकता याच्या हजारपट दाखवतात. सर म्हणतात झिर्कोनेट सोड, बेरियम सिरेट घे, ते सहज भाजलं जातं. पुढे रावेरकडच्या आमच्या शेतातल्या केळीच्या खोडांचा बायोगॅस करून त्यावर सेल चालवायचा विचार आहे. काय करू? आणि सिल्व्हर पेस्ट चालेल का?’

आकडे दिलेत हे फार बरं केलं. ‘वाहकता कमी येते’ एवढंच लिहिलं असतं तर मला अंदाजाने बोलावं लागलं असतं.

तुम्ही विचारताय झिर्कोनेट की सिरेट, पण माझ्या मते तुमची अडचण ती नाही. पेलेट कच्चं राहिलंय, मोजमाप किती ओलाव्यात झालं ते कुणालाच माहीत नाही, आणि शेवटी सेलला कोणता वायू द्यायचा याचा पदार्थ निवडताना विचार झालेला नाही. पहिल्या दोन गोष्टी हाताने सुधारता येतात. तिसरी मात्र पदार्थच ठरवून टाकते, म्हणून शेवटच्या टोकापासून सुरुवात करू.

बायोगॅसमध्ये साधारण ५० ते ६५ टक्के मिथेन असतो आणि बाकीचा बहुतांश कार्बन डायऑक्साइड. बेरियम सिरेटची नस नेमकी इथेच दबते. बेरियम हा अल्कधर्मी स्वभावाचा, कार्बन डायऑक्साइड दिसला की कार्बोनेट व्हायला टपलेला. त्याला जाळीत धरून ठेवण्याचं काम शेजारच्या सिरियम नाहीतर झिर्कोनियमने करायचं. सिरियमचा आयन मोठा, त्यामुळे सिरेटची पेरोव्हस्काइट जाळी (या पदार्थांतली अणूंची मांडणी) पिळलेली आणि सैल असते. झिर्कोनियमचा आयन त्या जागेत चपखल बसतो, जाळी घनाकार आणि घट्ट राहते. परिणाम असा की ज्या ५०० ते ७०० अंशांत सेल चालवायचा, त्याच तापमानात कार्बन डायऑक्साइडच्या झोतात सिरेटचं बेरियम कार्बोनेट आणि सिरियम ऑक्साइड होऊ लागतं. नुसत्या उकळत्या पाण्यातही सिरेट काही तासांत विघटित होतं, झिर्कोनेट टिकतं.

तुमच्या सरांचं म्हणणं चुकीचं नाही. १९८१ मध्ये जपानच्या इवाहारांनी या घराण्यातली प्रोटॉन-वाहकता प्रथम दाखवली ती स्ट्रॉन्शियम सिरेटमध्येच, आणि आजही सिरेट भाजायला सोपं, कणसीमांचा, म्हणजे कणांमधल्या सांध्यांचा, त्रास कमी आणि वाहकता उत्तम. सेलला फक्त शुद्ध हायड्रोजन द्यायचा असता तर मीही सांगितलं असतं की सरांचं ऐका. पण केळीच्या खोडाचा गॅस आणि शुद्ध सिरेट यांचं जमणार नाही.

मग झिर्कोनेटलाच चिकटून राहायचं का? तुमच्या भट्टीवर नाही. मधला रस्ता आहे आणि जगभर तोच रुळला आहे: सिरियम आणि झिर्कोनियम दोन्ही घ्यायचे. सिरियम ७० टक्के, झिर्कोनियम १० टक्के, इट्रियम २० टक्के हे मिश्रण पेपरांमध्ये सगळ्यात जास्त दिसेल (हे टक्के वजनाचे नाहीत, जाळीतल्या त्या एका जागेवरच्या अणूंचे आहेत). २००९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या गटाने त्यातलं निम्मं इट्रियम काढून इटर्बियम घातलं, आणि वाहकतेबरोबर निकेल-ॲनोडची (इंधनाच्या बाजूच्या इलेक्ट्रोडची) गंधक व काजळी सोसण्याची ताकदही वाढलेली दाखवली. पण १० टक्के झिर्कोनियम मला बायोगॅससाठी कमी वाटतं. तुमच्या जागी मी झिर्कोनियम ४० टक्के, सिरियम ४० टक्के, इट्रियम २० टक्के असं घेईन. इटर्बियम ऑक्साइड मिळालं तर इट्रियम १० आणि इटर्बियम १०. वाहकतेत थोडं सोडावं लागेल, पण पदार्थ जागेवर राहील.

आता पेलेट. बेरियम झिर्कोनेटची सैद्धांतिक घनता ६.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास आहे. तुमची ४.३ म्हणजे ७० टक्क्यांच्याही आत. इतक्या सच्छिद्र पेलेटमधून वायू सरळ आरपार जातो. सेलसाठी भोकं एकमेकांपासून तुटून बंद व्हायला हवीत आणि ते साधारण ९३-९४ टक्क्यांच्या पुढेच घडतं. शुद्ध झिर्कोनेट तिथवर न्यायला १६०० ते १७०० अंश लागतात. तुमची भट्टी बहुधा सिलिकॉन कार्बाइडच्या दांड्यांची असेल, १४५०च्या पुढे ती ताणू नका. म्हणजे दोष तुमच्या हाताचा नाही, ह्या भट्टीत शुद्ध झिर्कोनेट घट्ट होणारच नव्हतं.

उपाय आहे निकेल ऑक्साइड. कच्च्या पावडरींत वजनाने अर्धा ते एक टक्का घाला. भाजताना बेरियम, इट्रियम आणि निकेल यांचं एक मधलं संयुग बनतं, ते कणांच्या सांध्यांत पसरतं आणि पदार्थाचा प्रवास सोपा करतं. सिरियम असलेली मिश्रणं मग १४०० ते १४५० अंशांना ९५ टक्क्यांच्या वर जातात. याच्यासाठी आधी वेगळं कॅल्सिनेशनही (दाबण्याआधी पावडर भाजणं) लागत नाही. बेरियम कार्बोनेट, झिर्कोनिया, सिरिया, इट्रिया, निकेल ऑक्साइड हे सगळं झिर्कोनियाच्या गोळ्यांबरोबर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २४ तास दळा, वाळवा, दाबा आणि थेट भट्टीत घाला. संयुग बनणं आणि घट्ट होणं एकाच फेरीत उरकतं. फक्त ८०० ते ११०० अंशांमध्ये चढ सावकाश ठेवा, मिनिटाला १-२ अंश, कारण कार्बोनेटमधला वायू तेव्हा बाहेर पडतो आणि घाई केली तर पेलेट तडकतं.

निकेलमुळे पदार्थ ‘अशुद्ध’ होतो अशी शंका व्हायव्हात कुणीतरी काढेलच. शंका खरी आहे. ते मधलं संयुग बेरियम आणि इट्रियम दोन्ही खातं, पाणी शोषण्याची क्षमता थोडी घटते. म्हणून एक टक्क्याच्या वर जाऊ नका. पण प्रत्यक्ष सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट निकेल ऑक्साइडच्या ॲनोडवरच भाजला जातो आणि निकेल त्यातून आपसूक शिरतंच. त्यामुळे निकेल न घालता कमावलेली शुद्धता सेलमध्ये टिकत नाही, हे उत्तर देऊन ठेवा.

निकेलपेक्षा मला काळजी बेरियमची आहे, आणि पहिल्यांदा काम करणारे नेमकं तिथेच दुर्लक्ष करतात. १४०० अंशांच्या पुढे बेरियम ऑक्साइडची वाफ होऊन ते निघून जातं. गेलेल्या बेरियमच्या जागी इट्रियम जाऊन बसतं. मुळात इट्रियम घातलं कशाला? चार प्रभाराच्या झिर्कोनियमच्या जागी तीन प्रभाराचं इट्रियम बसलं की ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, त्या रिकाम्या जागांत वाफेतलं पाणी शिरतं आणि दोन प्रोटॉन मिळतात. तेच इट्रियम बेरियमच्या जागी बसलं की रिकाम्या जागा उलट भरून निघतात. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) सगळं छान दिसतं, शिखरं जागच्या जागी असतात, आणि वाहकता मात्र पडलेली असते. ‘सगळं बरोबर केलं तरी येत नाही’ अशा तक्रारी माझ्याकडे आल्या की मी आधी विचारतो, भाजताना पेलेट कशात ठेवलं होतं.

उघड्या ॲल्युमिनाच्या बोटीत ठेवलं असेल तर दुहेरी नुकसान. बेरियम वर उडतं आणि खालून ॲल्युमिना ते ओढून बेरियम ॲल्युमिनेट करतं. पेलेट बोटीला चिकटतं ते त्यामुळेच. आंब्याची अढी लावतो तसं पेलेट त्याच पदार्थाच्या पावडरीत खालून-वरून पुरायचं, आणि त्या पावडरीत वजनाने ५ ते १० टक्के बेरियम कार्बोनेट जास्तीचं मिसळायचं. वर झाकण. मग वाफ आधी त्या पावडरीतून निघते. ही पावडर पुढच्या वेळी पुन्हा वापरायची असेल तर बेरियम कार्बोनेटची भर पुन्हा घालावी लागते. भाजून झाल्यावर पेलेटचे दोन्ही पृष्ठभाग घासून ०.१ ते ०.२ मिलिमीटर थर काढा, कारण बेरियम सगळ्यात जास्त तिथूनच गेलेलं असतं.

वीज मध्येच गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न विचारावाच लागतो. भट्टी स्वतःच्या वेगाने थंड होऊ द्या, वीज आल्यावर तेच पेलेट पुन्हा पूर्ण वेळ भाजून मुख्य निकालांसाठी वापरू नका. दुसऱ्या फेरीत आणखी बेरियम जातं आणि ते किती गेलं याचा हिशोब तुमच्याकडे राहत नाही.

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने काढाल तेव्हा पाणी वापरू नका, सिरियम असलेल्या मिश्रणातून पाणी बेरियम काढून घेतं. केरोसीन किंवा अल्कोहोल घ्या आणि त्याची त्या दिवसाच्या तापमानाची घनता धरा. बेरियम कार्बोनेट विषारी आहे हेही सांगून ठेवतो. पोटातल्या आम्लात ते विरघळतं. हातमोजे, मास्क, आणि दळण घरच्या मिक्सरमध्ये अजिबात नाही.

आता तुमचं मोजमाप, कारण त्यात तुम्हाला दिसलं त्यापेक्षा जास्त माहिती आहे. १० मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर. जाडी ०.१ सेंटिमीटर. १२ हजार ओहम धरले तर वाहकता येते १०⁻⁵ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास. चांगल्या घट्ट पेलेटला ६०० अंशांना, ओल्या वायूत, १०⁻² च्या घरात आकडा येतो. हजारपट फरक तो हाच.

पण हा रोध कुणाचा? अर्धवर्तुळाच्या माथ्याची वारंवारता १ किलोहर्ट्झ आहे, तर धारिता काढता येते: १ भागिले (२π × वारंवारता × रोध). उत्तर सुमारे १.३ × १०⁻⁸ फॅरड. कणाच्या आतल्या भागाची धारिता १०⁻¹² ते १०⁻¹¹ च्या आसपास असते, कणसीमेची १०⁻⁹ ते १०⁻⁸, आणि इलेक्ट्रोडची १०⁻⁶ किंवा त्याहून मोठी. म्हणजे तुमचं अर्धवर्तुळ बहुधा कणसीमेचं आहे. कणांच्या आत प्रोटॉन काय करतोय याबद्दल तुम्ही अजून काहीच मोजलेलं नाही. झिर्कोनेटची ख्यातीच ही आहे: आतून उत्तम वाहक, पण कणसीमांवर धन प्रभार साचलेला असतो, तो प्रोटॉनला दूर लोटतो. कण बारीक राहिले की अशा सीमा जास्त ओलांडाव्या लागतात. कच्च्या पेलेटमध्ये कण बारीकच राहतात, वर त्यांचे सांधेही अरुंद.

आतला भाग ६०० अंशांना दिसणारही नाही. धारिता १०⁻¹¹ आणि रोध काही ओहम असेल तर त्याचं अर्धवर्तुळ यंत्राच्या १ मेगाहर्ट्झच्या मर्यादेच्या फार पलीकडे जातं. म्हणून खाली उतरा. १०० ते ३०० अंशांमध्ये मोजा. तिथे रोध वाढून समजा १ मेगाओहम झाला तर तेच अर्धवर्तुळ १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतं, आणि कणाचा आतला भाग आणि कणसीमा वेगवेगळ्या दिसतात. दोन्हींची वेगळी आऱ्हेनियस रेष (तापमानाबरोबर वाहकता कशी बदलते ती) काढा. आतल्या भागाची सक्रियण ऊर्जा (उडी मारायला लागणारी ऊर्जा) ०.४ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आली तर प्रोटॉन वाहतोय असं मानायला जागा आहे. ऑक्सिजन वाहणाऱ्या इट्रियायुक्त झिर्कोनियाला १ च्या जवळ लागते. प्रोटॉन हलका, एका ऑक्सिजनवरून शेजारच्यावर उडी मारतो, म्हणूनच हे पदार्थ कमी तापमानात उपयोगी पडतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पेलेट चांगलं जमलं की ६०० अंशांना त्याचा रोध १२-१३ ओहम येईल. तेव्हा तारांचा १-२ ओहमसुद्धा मोठी चूक करतो. पेलेटशिवाय तारा जोडून एक रिकामं मोजमाप घ्या आणि वजा करा.

आणि आता ओलावा, ज्याच्याबद्दल खान्देशात राहणाऱ्याने इतरांपेक्षा जास्त जागरूक असायला हवं. या पदार्थात प्रोटॉन मुळात नसतात, ते वाफेतून येतात. तुम्ही ‘उघड्या हवेत’ मोजलं म्हणता. कोणत्या महिन्यात? मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हवेत पाण्याची वाफ साधारण १.६ टक्के. श्रावणात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर ३ टक्क्यांच्या वर. एकच पेलेट, एकच यंत्र, आणि वाफ दुप्पट. शिवाय ६०० अंशांना ऑक्सिजनमध्ये थोडं इलेक्ट्रॉनिक वहन, म्हणजे होलचं (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेचं) वहन, मिसळतं, त्यामुळे हवेतला आकडा निव्वळ प्रोटॉनचा नसतो.

पेपरमध्ये ‘३ टक्के पाणी’ लिहिलेलं असतं ते वायू २५ अंशांच्या पाण्यातून बुडबुडे काढत नेल्यामुळे. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल, म्हणून वातावरणाच्या सुमारे ३.१ टक्के. तोच बबलर उन्हाळ्यात ४२ अंशांच्या खोलीत ठेवला तर ८ टक्के, आणि जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना दीड टक्क्यालाही पोचत नाही. पेपरातला आकडा जपानमधल्या वातानुकूलित खोलीतला असतो, तो डोळे मिटून आपल्या वहीत उतरवू नका. थर्मोस्टॅटचं टब असेल तर उत्तम. नसेल तर मी सुचवीन की बबलर पाण्याने भरलेल्या मातीच्या माठात बुडवून ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी खोलीपेक्षा बरंच थंड आणि दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहतं. बबलरमध्येच थर्मामीटर ठेवा, दर मोजमापाला तापमान लिहा आणि तक्त्यातून बाष्पदाब काढा. तापमान २५ च असलं पाहिजे असं नाही, माहीत असलं पाहिजे. माठाचा आणखी एक फायदा असा की बबलर खोलीपेक्षा थंड असल्यामुळे पुढच्या नळीत पाणी साचत नाही. पावसाळ्यात मात्र माठ थंड होत नाही, तेव्हा खोलीचंच तापमान धरावं लागेल.

कोरडा वायू आणि ओला वायू, दोन्हींत मोजा. कोरड्यात वाहकता घसरली आणि ओल्यात परत चढली तर प्रोटॉनचा पहिला पुरावा मिळाला. जड पाणी मिळालं तर बबलरमध्ये ते घालून बघा, ड्युटेरियम जड असल्याने वाहकता स्पष्टपणे उतरते, आणि हा पुरावा परीक्षकांना सहसा पटतो. हायड्रोजन लागेल तेव्हा शुद्ध सिलिंडरच्या नादी न लागता अरगॉन किंवा नायट्रोजनमध्ये ४-५ टक्के मिसळलेला घ्या.

राहिला बायोगॅसवरचा सेल. स्पष्ट सांगतो, एम.एस्सी.च्या मुदतीत हे धरू नका. प्रोटॉन-सिरॅमिकचे सेल मिथेनवर चालतात यात शंका नाही. २०१५ मध्ये कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या गटाने ५०० अंशांना चालवून दाखवले. पण त्यामागे ॲनोड, पातळ इलेक्ट्रोलाइट, कॅथोड, सील अशी मोठी साखळी आहे. बायोगॅसमधलं हायड्रोजन सल्फाइड निकेलला मारतं, ते आधी लोखंडाच्या ऑक्साइडवरून नेऊन काढावं लागतं. वाफेचं प्रमाण चुकलं की ॲनोडवर काजळी धरते. ती कामं पुढे कुणीतरी करील, कदाचित तुम्हीच.

तुमच्या हातात असलेला प्रश्न लहान आहे पण खरा आहे: खोडाच्या गॅसमध्ये जेवढा कार्बन डायऑक्साइड असतो तेवढ्यात कोणतं मिश्रण टिकतं? झिर्कोनियम १०, ४० आणि ६० टक्के अशी तीन मिश्रणं करा, इट्रियम तिन्हींत २०, बाकीचं सिरियम. आधी तिन्हींची घनता ९५ टक्क्यांपर्यंत न्या, मग ओल्या-कोरड्या वायूत इम्पिडन्स घ्या, मग त्याच पदार्थांची पावडर ६०० अंशांना कार्बन डायऑक्साइड असलेल्या वायूत २४ तास ठेवा आणि आधीचा-नंतरचा एक्सआरडी एकावर एक ठेवून बघा. तांब्याच्या क्ष-किरणांवर मूळ पदार्थाचं मोठं शिखर ३० अंशांच्या (हे अंश कोनाचे, तापमानाचे नाहीत) जरा खाली-वर असतं. २४ अंशांजवळ नवं शिखर उगवलं तर ते बेरियम कार्बोनेट, २८.५ जवळ उगवलं तर सिरियम ऑक्साइड. ‘वाहकता विरुद्ध टिकाव’ असा एक आलेख या तीन मिश्रणांतून निघाला तरी प्रकल्प भरीव होईल, आणि सरांच्या सिरेटच्या सूचनेलाही त्यात जागा मिळेल.

सिल्व्हर पेस्ट चालेल. इम्पिडन्ससाठी ६५० अंशांपर्यंत मी स्वतः चांदीच वापरतो, प्लॅटिनमचा खर्च या कामाला लागत नाही. चांदी ९६१ अंशांना वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी ती सरकायला आणि भोकांत शिरायला लागते, तेव्हा ७०० च्या वर दीर्घकाळ ठेवू नका. तुमच्या सच्छिद्र जुन्या पेलेटवर ती लावली असेल तर आत किती झिरपली ते तोडून बघा. झिरपली असेल तर तुम्ही धरलेली १ मिलिमीटर जाडीसुद्धा खरी नाही. लावताना कडेने ओघळ जाऊ देऊ नका, आणि हिशोबात पेलेटचं नाही, पेस्ट लागलेल्या भागाचं क्षेत्रफळ धरा.